दाखल्याच्या अर्जावर सही करू नका

पत्र:

ताई नमस्कार, मी भांडुपला राहते. मुलगा सहावीत आहे, मुलुंडच्या एका प्रायव्हेट इंग्लिश मीडियम शाळेत, एसएससी बोर्ड. त्याला लिहा-वाचायला पहिल्यापासून जड जातं. झाड स्वतःचं अन्न कसं तयार करतं ते मी पोळ्या लाटताना शेजारी उभा राहून मला सगळं समजावून सांगतो, आणि त्याच धड्यावर पेपरात ४० पैकी ९, कारण अर्धा पेपर कोरा आणि जे लिहिलंय ते बाईंना लागत नाही. मागच्या वर्षी महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये टेस्ट केल्या, डिसलेक्सिया आणि डिसग्राफियाचं सर्टिफिकेट मिळालं. ते शाळेत दिलं तर प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या सवलत दहावीला असते, आत्ता काही करता येत नाही, आमच्याकडे स्पेशल एज्युकेटर नाही, तुम्ही त्याला स्पेशल स्कूलला टाका, त्याच्यासाठीच बरं. आता त्यांनी एक टाइप केलेला अर्ज हातात दिलाय, "आम्ही घरगुती कारणास्तव स्वखुशीने पाल्याचा दाखला घेत आहोत" असा, सोमवारी सही करून आणा म्हणाल्या. मिस्टर म्हणतात करून टाकू सही, भांडलो तर पोरालाच त्रास. सासरे म्हणतात आमच्या वेळी कुठे होते असले कायदे, आणि सर्टिफिकेटचा शिक्का पोराला आयुष्यभर चिकटेल. नणंद न्यू जर्सीला असते, ती म्हणते तिकडे शाळा स्वतःहून सगळं करते, इंडियात नाही होणार. मला एवढंच सांगा, आपल्याकडे खरंच कायदा आहे का, कधीपासून आहे, आणि असेल तर शाळेला माहीत कसा नाही?
— एक आई, भांडुप

उत्तर:

नमस्कार ताई,

बाकीचं सगळं नंतर, आधी सोमवारचं. त्या अर्जावर सही करू नका. मिस्टरांनाही करू देऊ नका. "विचार करून सांगतो" म्हणा, "घरी बोलतोय" म्हणा, पण सही नाही.

कारण सांगते. शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला आपण एलसी म्हणतो, तो तुम्ही कधी नीट वाचलाय का, त्यात खाली एक रकाना असतो, "शाळा सोडण्याचे कारण". तुमची सही झाली की त्या रकान्यात "पालकांच्या विनंतीवरून" असं लिहिलं जाणार, आणि त्या दोन शब्दांनंतर शाळेने तुमच्या मुलाला काढलं असं जगात कुठेही सिद्ध करता येणार नाही. शिक्षण हक्क कायद्यात, म्हणजे आरटीईमध्ये, कलम १६ आहे, आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ साली त्या कलमात बदल झाला, पाचवी आणि आठवीत नापास करायची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकायला बंदी तशीच राहिली. शाळांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर कुणी काढत नाही, पालकांनाच स्वखुशीने न्यायला लावतात. तुमच्यासारखी पत्रं मला सारखी येतात ना, त्यात मुलाला लेखी काढल्याचं प्रकरण जवळजवळ नसतंच, सगळीकडे आईवडिलांचीच सही असते. कायद्याला कागद दिसतो, प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये काय बोलणं झालं ते दिसत नाही. माझं आज तुम्हाला सांगणं हे एवढंच आहे, आणि खाली जो काही इतिहास सांगतेय तो ह्याच्यासाठीच सांगतेय.

आता सासऱ्यांचं. त्यांच्यावर रागावू नका, त्यांचं म्हणणं खरं आहे, त्यांच्या वेळी कायदा नव्हता. खरं तर त्याहून वाईट होतं. आपल्याकडे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे जे जुने कायदे झाले त्यात मूल शाळेत नाही आलं तर पालकांना जाब विचारायची सोय होती, पण मुलात शारीरिक किंवा मानसिक दोष असेल तर ते गैरहजेरीचं योग्य कारण धरायचे. दिल्लीचा १९६० चा प्राथमिक शिक्षण कायदा बघा, त्यात हे आहे. म्हणजे सक्ती सगळ्यांना, ह्या मुलांना सोडून, आणि हे दयाळूपणाने केलं होतं, की बिचाऱ्याला कशाला त्रास. पण सक्तीतून सूट मिळाली म्हणजे सरकारवरचीही सक्ती गेली ना, त्याला शिकवायची.

मग ही मुलं शिकायची कुठे, तर मुंबईपुरतं सांगायचं तर मिशनऱ्यांनी, पारशी कुटुंबांनी, डॉक्टरांनी आणि आयांनी काढलेल्या शाळांत. माझगावची मूकबधिर मुलांची शाळा १८८० च्या दशकातली, बिशप म्यूरिन यांनी सुरू केलेली, देशातली त्या प्रकारची पहिली. दादरची अंध मुलांची शाळा १९०० ची, अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड यांची. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल १९०२ ची. शिवडीचं जय वकील १९४४ चं, एका पारशी जोडप्याने आपल्या मुलीला कुठली शाळा घेईना म्हणून घरातच वर्ग सुरू केला, जय हे आईचं नाव, मुलीचं नाव दीना, तिला डाउन सिंड्रोम होता. १९७२ ला मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी काढली, त्यांच्याही मुलीला सेरेब्रल पाल्सी होता. ह्या शाळांबद्दल मला मनापासून आदर आहे, सरकारने हात वर केले होते तेव्हा ह्यांनी मुलं उचलली. पण एक झालं की ह्या शाळा आहेत म्हटल्यावर बाकीच्या शाळांना "तिकडे न्या" म्हणायची सवय लागली, आणि ती अजून सुटलेली नाही, तुमच्या मॅडमचं "स्पेशल स्कूलला टाका" हे त्याच सवयीतलं.

असं नाही की कुणी उलट बोललंच नाही. १९६४ ते ६६ चा कोठारी आयोग, ज्याचे सदस्य सचिव आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, त्या आयोगाने तेव्हाच लिहून ठेवलं की ह्या मुलांचं शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणाचाच भाग असला पाहिजे आणि ते फक्त माणुसकी म्हणून करायचं काम नाही. १९७४ ला केंद्र सरकारने अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना आणली, साध्या शाळेत जाणाऱ्या मुलांना पुस्तकं, युनिफॉर्म, प्रवासभत्ता वगैरे. गंमत नाही, खरंच चांगली योजना होती. पण योजना म्हणजे योजना, पैसे असतील तोवर, अधिकाऱ्याला वाटलं तर. योजनेवर कोर्टात जाता येत नाही. शिवाय ती सुरुवातीला समाजकल्याणकडे होती, शिक्षण खात्याकडे यायला १९८२ उजाडलं, म्हणजे आठ वर्षं ह्या मुलांची शाळा हा शिक्षण खात्याचा विषयच नव्हता.

पहिला खरा कायदा १९९५ चा, अपंग व्यक्तींसाठी समान संधी वगैरे लांबलचक नावाचा, आम्ही पीडब्ल्यूडी ॲक्ट म्हणायचो. १९९६ च्या फेब्रुवारीत लागू झाला. त्यात कलम २६, अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण. पण त्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार होते फक्त सात: अंधत्व, अधू दृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, हालचालींचं अपंगत्व, मतिमंदत्व (तेव्हाचा शब्द) आणि मानसिक आजार. डिसलेक्सिया नाही, डिसग्राफिया नाही, तुमच्या मुलाचं नावच नाही त्यात.

आणि इथे मुंबईची वेगळी गोष्ट आहे, जी मला वाटतं तुमच्या "शाळेला माहीत कसा नाही" ह्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्याच १९९६ साली महाराष्ट्र सरकारने लर्निंग डिसॅबिलिटी (एलडी), म्हणजे डिसलेक्सिया-डिसग्राफियासारखी अडचण, असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती द्यायला अधिकृत मान्यता दिली, देशात पहिल्यांदा. त्यामागे मुंबईतले पालक, बालरोगतज्ज्ञ, सायनसारख्या हॉस्पिटलांमधली एलडी क्लिनिकं ह्यांची मेहनत होती. जास्तीचा वेळ, स्पेलिंगच्या चुकांचे मार्क न कापणं, दुसरी भाषा सोडून त्याऐवजी कार्यानुभवासारखा विषय, बीजगणित-भूमिती ऐवजी खालच्या इयत्तेचं गणित, लेखनिक म्हणजे मूल सांगेल ते लिहून देणारा माणूस. तुम्ही विचार करा, केंद्राच्या कायद्यात ह्या मुलांचं नाव नव्हतं तेव्हा मुंबईतली हजारो मुलं ह्या सवलतींवर दहावी पास झाली, कॉलेजला गेली. फार मोठं काम होतं ते, त्याला कमी लेखू नका.

पण त्याचा एक परिणाम असा झाला की पुढची वीस वर्षं मुंबईतल्या शाळांच्या डोक्यात एलडी म्हणजे "बोर्डाची दहावीची सवलत" हेच बसलं. सर्टिफिकेट म्हणजे नववी-दहावीला काढायचा कागद, सायनला किंवा केईएमला किंवा नायरला नंबर लावायचा, शाळेमार्फत बोर्डाकडे पाठवायचा, झालं. पहिली ते आठवी मुलाने काय करायचं ह्याचा कुठे पत्ताच नाही. तुमच्या मॅडम खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही, त्यांना जे माहीत आहे ते १९९६ चं आहे, त्यांच्या आधीच्या प्रिन्सिपलनी सांगितलेलं. मधे कायदा बदलला तो त्यांच्यापर्यंत कुणी नेलाच नाही.

मधे काय काय झालं तर २००२ ला घटनेत कलम २१ अ आलं, सहा ते चौदा वयाच्या मुलांचं शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला, त्यामुळे आपले कायदे त्या मापाचे करणं भाग पडलं. आरटीई २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्यात सुरुवातीला ही मुलं अर्धवटच होती, २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना वंचित गटात घातलं म्हणजे २५ टक्क्यांच्या कोट्यातही ती आली. (त्याच दुरुस्तीत तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिलाय, आणि काही शाळा तो पर्याय स्वतःच निवडून पालकांच्या गळ्यात मारतात. तो पर्याय पालकांचा आहे, शाळेचा नाही. तुमच्या मुलाला तर तो लागूही होत नाही, कुणी सुचवलं तर माहीत असावं म्हणून सांगितलं.)

आणि मग २०१६ चा कायदा, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. हा तुमचा कायदा. सातचे एकवीस प्रकार झाले आणि त्यात स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी आहे, डिसलेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया (आकडेमोड जड जाणं) अशी नावं घेऊन आहे. दोन कलमं वहीत लिहून ठेवा. कलम १६, सरकारी किंवा सरकारमान्य कुठलीही शाळा, म्हणजे मान्यता असलेली प्रायव्हेट शाळा पण आली, तिने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करायच्या, लर्निंग डिसॅबिलिटी लवकरात लवकर ओळखून शिकवण्याच्या पद्धतीत उपाय करायचे, आणि त्या मुलाची प्रगती बघत राहायची. लवकरात लवकर म्हटलंय, दहावीला म्हटलेलं नाही. आणि कलम १७, अभ्यासक्रमात आणि परीक्षेत योग्य बदल, त्यात जास्तीचा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे तिन्ही शब्दशः लिहिलेलं आहे. कुठल्या इयत्तेपासून हे लिहिलेलं नाही, कारण सगळ्याच इयत्तांना आहे. तुमच्या मुलाचा सहावीचा युनिट टेस्टचा पेपर ह्यात येतो.

इथे लोक एक शंका काढतात, शाळाही काढेल, म्हणून आधीच सांगते. सर्टिफिकेटवर टक्केवारी बघतील. ४० टक्के किंवा जास्त असेल तर कायदा त्याला बेंचमार्क अपंगत्व म्हणतो आणि काही हक्क, जसं कलम ३१ चं सहा ते अठरा वयाचं मोफत शिक्षण किंवा कॉलेजातलं ५ टक्के आरक्षण, ते फक्त त्यांना आहेत. पण कलम १६ च्या वाजवी सोयींना ४० ची अट नाही. सुप्रीम कोर्टाने हे २०२१ च्या फेब्रुवारीत विकास कुमार विरुद्ध यूपीएससी ह्या केसमध्ये स्पष्ट केलं. त्या मुलाला रायटर्स क्रॅम्प होता, पेन धरलं की हात आखडायचा, आणि बेंचमार्कमध्ये बसत नाही म्हणून यूपीएससीने लेखनिक नाकारला होता. कोर्टाने सांगितलं की अपंगत्व आणि बेंचमार्क अपंगत्व ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सोयी नाकारायला ४० चा आकडा वापरता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिसग्राफिया असलेल्या एका मुलीची केस आली, नीटच्या परीक्षेत तिला एक तास जास्तीचा मिळायला हवा होता आणि केंद्रावरच्या लोकांनी वेळ संपली म्हणून उत्तरपत्रिका काढून घेतली. कोर्टाने परत परीक्षा घ्यायला लावली नाही, ते मला आजही पटलेलं नाही, पण परीक्षा घेणाऱ्या संस्थेला तिच्यावरचा अन्याय दुरुस्त करायला लावलं आणि केंद्रावरच्या लोकांना प्रशिक्षण द्यायला सांगितलं.

आता नणंदेचं. न्यू जर्सीला आज जे आहे ते खरं आहे, शाळा पालकांना बोलावून प्रत्येक मुलाचा वेगळा लेखी प्लॅन करते, आयईपी म्हणतात त्याला. पण "तिकडचं वेगळंच असतं" हे मला मान्य नाही. १९७० साली अमेरिकेतल्या शाळा पाचातल्या एकाच अपंग मुलाला शिकवत होत्या. बऱ्याच राज्यांत बहिऱ्या, अंध, मतिमंद मुलांना बाहेर ठेवायला चक्क कायद्याने परवानगी होती. ज्युडिथ ह्यूमन नावाची ब्रुकलिनची मुलगी, पोलिओ झालेली, तिला व्हीलचेअरमुळे आगीचा धोका म्हणून शाळेने दारातून परत पाठवलं होतं. मोठी होऊन तिने न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळावर केस केली, शिक्षिका झाली.

तिथलीच एक केस तुमच्या कामाची आहे. वॉशिंग्टनमध्ये १९७२ ला सात मुलांच्या वतीने केस झाली, मिल्स विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन. शाळांनी त्या मुलांना वागणूक नीट नाही, मतिमंद आहे, चंचल आहे असली कारणं देऊन बाहेर ठेवलं होतं. बोर्डाने कोर्टात काय सांगितलं, तर आमच्याकडे पैसे नाहीत. न्यायाधीश म्हणाले, पैसे कमी असतील तर ती कमतरता सगळ्यांमध्ये सारखी वाटा, फक्त ह्याच मुलांच्या वाट्याला का. तुमच्या मॅडम म्हणतात ना स्पेशल एज्युकेटर नाही, त्याचं उत्तर ५० वर्षांपूर्वी तिकडे देऊन झालंय. आपल्याकडेही सुप्रीम कोर्टाने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, रजनीश कुमार पांडे ह्यांच्या केसमध्ये, ह्या मुलांसाठी प्राथमिकला १० मुलांमागे एक आणि त्याच्या वर १५ मुलांमागे एक स्पेशल टीचर असं प्रमाण सांगितलं, आणि राज्यांनी जागा भरल्या नाहीत म्हणून २०२५ मध्ये परत खडसावलं.

तिकडे १९७३ ला कलम ५०४ आलं, सरकारी पैसा घेणाऱ्या कुणालाही अपंग व्यक्तीशी भेदभाव करता येणार नाही असं, आणि चार वर्षं सरकारने त्याचे नियमच काढले नाहीत. कायदा पुस्तकात पडून. शेवटी १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी ऑफिसात व्हीलचेअरवरची, अंध, बहिरी माणसं शंभराच्या वर जाऊन बसली, ज्युडिथ ह्यूमनही त्यात होती, आणि तीन आठवड्यांहून जास्त दिवस हलली नाहीत, तेव्हा कुठे नियमांवर सही झाली. मुलांच्या शिक्षणाचा मोठा कायदा १९७५ चा, राष्ट्राध्यक्ष फोर्ड ह्यांच्या सहीचा, तोही ह्या अशा केसेसच्या मागोमाग. त्यात आईवडिलांना मीटिंगला बसवायचं, त्यांचं म्हणणं ऐकायचं, निर्णय लेखी द्यायचा हे घालून ठेवलं. नणंदबाईंना शाळा "स्वतःहून" करते असं दिसतं त्याचं कारण नाही केलं तर पालकांच्या हातात कागद असतो.

आपल्याकडचा कायदा तेवढा धारदार नाही हे पण खरं सांगायला हवं. २०१६ च्या कायद्याच्या कलम १६ ची सुरुवातच सरकारने "प्रयत्न करावा" अशी आहे, आणि दंड पहिल्यांदा १० हजारांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० हजार ते ५ लाख. मोठ्या शाळेला १० हजार म्हणजे काहीच नाही. माझ्या मते तो फार कमी आहे. पण शाळेला दंडापेक्षा चौकशीची धास्ती असते, मान्यतेच्या फायलीत नोंद नको असते, आणि तेवढं तुमच्यासाठी पुरेसं आहे.

तर आता करायचं काय. सोमवारी सही न केलेला तो अर्ज घरीच ठेवा, परत देऊ नका, तो पुरावा आहे, त्याचा फोटोही काढून ठेवा. त्याऐवजी तुमचा अर्ज घेऊन जा, मराठीत चालेल, एक पान. मुलाचं नाव-इयत्ता, सर्टिफिकेट कुठल्या तारखेला दिलं, आणि २०१६ च्या कायद्याच्या कलम १६ आणि १७ प्रमाणे आम्हाला काय काय हवंय. मागणी नेमकी करा. "मदत करावी ही नम्र विनंती" एवढंच लिहिलंत तर उत्तर येणार नाही. तासाला २० मिनिटं जास्तीचा वेळ. स्पेलिंगचे मार्क कापू नयेत. लेखनिक किंवा काही पेपर तोंडी, कारण तो तोंडी सांगू शकतो हे तुम्हीच लिहिलंय आणि शास्त्राच्या पेपरात त्याला शास्त्र येतं का हे बघायचंय, अक्षर नाही. फळ्यावरचं उतरवून घ्यायची सक्ती नको, नोट्सची झेरॉक्स किंवा फोटो द्यावा. पुढच्या बाकावर जागा. वर्गासमोर मोठ्याने वाचायला लावू नये. बघा, ह्यातल्या बहुतेक गोष्टींना स्पेशल एज्युकेटर लागतच नाही, पैसेही लागत नाहीत. शेवटी एक ओळ, "वरीलपैकी जे शक्य नाही त्याचे कारण कृपया लेखी कळवावे." ही ओळ विसरू नका.

अर्ज दोन प्रतीत न्या. ऑफिसमध्ये क्लार्ककडे द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, सही घ्या. "मॅडम मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा" म्हणतील, ठेवून यायचं नाही, शिक्का घेऊनच निघायचं, आणि अगदीच नाही दिला तर तोच अर्ज त्याच दिवशी शाळेच्या ईमेलवर आणि स्पीड पोस्टाने, पोहोच मागून. केबिनमध्ये जे बोलणं होईल ते घरी येऊन मॅडमना मेल करा, आज आपलं असं असं बोलणं झालं म्हणून, साध्या शब्दांत, भांडणाचा सूर नको. मिस्टरांना भीती वाटतेय पोराला त्रास देतील, ती भीती चुकीची नाही, पण आरटीईचं कलम १७ मारहाण आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी घालतं, आणि खरं सांगू, ज्या मुलाची फाइल तयार आहे त्याच्याशी शाळा जपून वागते.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर सहावी आहे म्हणून आधी महापालिकेचा शिक्षण विभाग, तुमच्या वॉर्डाचे शाळांचे प्रशासकीय अधिकारी. प्रत चर्नी रोडला जवाहर बालभवनात शिक्षण उपसंचालकांना. आरटीईच्या तक्रारी राज्य बालहक्क आयोगाकडेही करता येतात. आणि २०१६ च्या कायद्याची तक्रार पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे, त्यांना साक्षीदार बोलवायला, कागद मागवायला सिव्हिल कोर्टासारखे अधिकार आहेत. वकील लागेलच असं नाही. सगळीकडे एकदम तक्रारी टाकू नका, एकेक पायरी, प्रत्येक वेळी मागच्या अर्जाची शिक्क्याची प्रत जोडून.

एक मात्र तपासा, शाळा अल्पसंख्याक दर्जाची आहे का. २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना आरटीई लागू होत नाही, मुंबईत अशा शाळा खूप आहेत. तशी असेल तर अर्जात आरटीईवर भर देऊ नका, २०१६ च्याच कायद्यावर द्या.

शिक्क्याबद्दल. सासऱ्यांना सांगा की सर्टिफिकेट तुमच्या कपाटात असतं, तुम्ही ज्याला द्याल त्यालाच दिसतं, शाळेला आणि पुढे बोर्डाला. आणि शिक्का तर पोराला आत्ताही लागलाय, ढ म्हणून, वर्गातल्या प्रत्येक मुलाला तो माहीत आहे. सर्टिफिकेट सांगतं की ह्याची बुद्धी व्यवस्थित आहे, अक्षरं वाचायला-लिहायला मेंदूला वेगळी वाट लागते. त्यातला रिपोर्ट सासऱ्यांना शांतपणे वाचून दाखवा, बुद्ध्यांकाचा आकडा असतो त्यात, त्याने खूप आजोबा बदललेले बघितलेत मी. आणि पोराला पण सांगा की त्याला नेमकं काय आहे, बारा वर्षांच्या मुलाला कळतं, न सांगितल्याने त्याला वाटत राहतं की आपण आळशी आहोत.

दहावीच्या सवलतींसाठी शाळेमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे प्रस्ताव वेगळा जातो, तो पुढचा विषय, पण तेव्हा "ह्याला शाळेत कधीपासून सोयी देताय" हे विचारलं गेलं तर आत्तापासूनचे कागद उपयोगी पडतील. सर्टिफिकेट पुन्हा कधी करून घ्यायचं ते हॉस्पिटलमध्येच विचारून ठेवा, मुलं मोठी होतात तशी फेरतपासणी लागते आणि मुंबईत त्या क्लिनिकांच्या तारखा लवकर मिळत नाहीत, ऐन परीक्षेच्या वर्षात धावपळ नको.

अर्ज लिहिताना अडलात तर मला परत लिहा. सर्टिफिकेटवर काय लिहिलंय ते शब्दशः कळवा, टक्के, तारीख, कुठली कुठली टेस्ट केली, मुलाचं नाव नको. आणि शाळेने शिक्का दिला का नाही तेही कळवा, नाही दिला तर पोस्टाचा मजकूर मी करून देते.